मागच्या आवाजाचं काय करायचं?

पाच इंची स्पीकर नुसता हातात धरून, तारा जोडून एखादी मैफल लावून बघा. गायकाचा आवाज येतो, तबल्याची चाट खणखणीत ऐकू येते, पण डग्गा कुठेतरी पळून गेलेला असतो. आता फ्रिजच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा घ्या, मधोमध स्पीकरच्या मापाचं भोक पाडा आणि स्पीकर त्यावर दाबून धरा. डग्गा परत येतो. स्पीकर तोच, अँप्लिफायर तोच, मधे आला तो फक्त पुठ्ठा.

कोन पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. प्रत्येक स्पीकर असे दोन आवाज काढतो, एक पुढचा आणि एक मागचा, आणि ते एकमेकांच्या नेमके उलटे असतात. 5000 हर्ट्‌झच्या स्वराची लाट जेमतेम सात सेंटिमीटरांची, ती समोर निघून जाते. 100 हर्ट्‌झची लाट जवळपास साडेतीन मीटर लांब. तिच्यापुढे पाच इंची स्पीकर म्हणजे नदीतला खुंट. ती कडेवरून वळसा घालते, मागच्या उलट्या लाटेला भेटते आणि दोघींची वजाबाकी होते. पुठ्ठ्याने हा वळसा लांबवला, एवढंच.

घरी स्पीकर कॅबिनेट बनवण्याबद्दल जे काही लिहिलं, भांडलं आणि विकलं गेलं आहे, ते सगळं या एका प्रश्नाभोवती फिरतं: मागच्या आवाजाचं काय करायचं? तो जाऊ द्यायचा, कोंडायचा, की वळवून कामाला लावायचा? गेली शंभर वर्षं या तिन्हींवर प्रयोग चालू आहेत. त्यातल्या एकच स्पीकर असलेल्या, म्हणजे फुल रेंज खोक्यांचा हा आढावा. हौशी माणसाने पहिल्यांदा हात घालावा तो इथेच, असं माझं मत आहे.

एकच स्पीकर का? बाजारातल्या बहुतेक पेट्यांमध्ये वूफर आणि ट्वीटर वेगळे असतात आणि त्यांच्यात स्वरांची वाटणी करणारा क्रॉसओव्हर असतो. ही वाटणी साधारण दोन-तीन हजार हर्ट्‌झला होते, म्हणजे माणसाचा कान सर्वांत तिखट असतो त्या भागात. ती नीट जमली तर उत्तमच, पण घरी ती जमवायला मोजमापाची साधनं आणि बराच अनुभव लागतो. फुल रेंजमध्ये सगळा आवाज एका बिंदूतून येतो आणि गळ्याचा कुठे तुकडा पडत नाही. त्याची किंमतही आहे. पाच इंची कोनाचा प्रत्यक्ष हलणारा भाग सुमारे दहा सेंटिमीटर व्यासाचा. हजार हर्ट्‌झच्या वर तो आवाज टॉर्चच्या झोतासारखा समोर फेकू लागतो आणि बाजूला बसलेल्याला झांज मंद ऐकू येते. शिवाय ज्या कोनाने व्हायोलिन वाजवायचं त्यालाच डग्ग्यासाठी पुढेमागे धावायचं असतं. लग्नाच्या हॉलसाठी हे काम नाही. दहा बाय बाराच्या खोलीत शास्त्रीय संगीत, नाट्यगीत, रेडिओवरची मुलाखत ऐकणाऱ्यासाठी आहे.

आणि त्या संगीताला किती खालपर्यंतचा आवाज लागतो हे आधी पाहावं, म्हणजे अर्धी हाव आपोआप उतरते. पुरुष गायकाचा षड्ज काळी एक धरला तर तो सुमारे 139 हर्ट्‌झ. तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, 69 हर्ट्‌झच्या आसपास. काळी चारमध्ये गाणाऱ्या बाईंच्या तंबोऱ्याचा खर्ज 104. त्यातही जवारीमुळे तंबोऱ्यात मूळ स्वरापेक्षा वरच्या स्वरांशांचीच गर्दी असते, आणि वरचे अंश नीट मिळाले की कान खालचा स्वर स्वतः उभा करतो. बास गिटारची शेवटची तार 41 ला, पियानोची 27.5 ला. ते हवं असेल तर दुसरा लेख शोधावा. आपलं लक्ष्य 70 ते 75 हर्ट्‌झ.

आपण ज्याला स्पीकर म्हणतो त्याचा आजचा साचा 1925 चा. जनरल इलेक्ट्रिकमधल्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी हलत्या कॉइलचा, भोंगा नसलेला स्पीकर मांडला आणि तो फळीत बसवायला हवा हेही त्याच वेळी सांगितलं. ही फळी म्हणजे पहिलं उत्तर: मागचा आवाज मागे जाऊ द्या, फक्त वळशाचा रस्ता लांब करा. आपल्या आजोबांच्या व्हॉल्व्ह रेडिओची लाकडी पेटी हेच करायची. मागे भोकं पाडलेला हार्डबोर्ड, आत एक स्पीकर, बाकी सगळं उघडं. आकाशवाणीच्या बातम्यांना जो ऊबदार घुमारा होता त्यात निवेदकाच्या गळ्याइतकाच त्या अर्धवट उघड्या पेटीचाही वाटा होता. उघडी फळी आजही हौशी लोकांची लाडकी आहे, कारण तिच्यात खोक्याचा कोंदटपणा अजिबात नसतो. पण 70 हर्ट्‌झ हवे तर ती दाराएवढी लागते आणि भिंतीपासून मीटरभर पुढे ओढावी लागते. आपल्याकडच्या घरांत हा विषय पहिल्याच संध्याकाळी संपतो.

दुसरं उत्तर, कोंडा. बंद खोक्यात मागचा आवाज अडतो, पण कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी वागते आणि कोनाला मागून ढकलते. खोकं जितकं लहान तितकी ही स्प्रिंग ताठ, आणि स्पीकर ज्या स्वराला आपोआप डोलतो तो अनुनाद तितका वर सरकतो. एडगर विल्चर यांनी 1954 मध्ये एआर-1 या पेटीत याच दोषाचा गुण केला. स्पीकरची स्वतःची कड इतकी सैल ठेवली की मुख्य स्प्रिंग हवेचीच राहिली, आणि पुस्तकांच्या फळीवर मावणाऱ्या पेटीतून तोवर कपाटाएवढ्या पेटीतूनच येणारा खर्ज निघाला. ही युक्ती जड, सैल वूफरची. हलक्या कोनाच्या फुल रेंजला ती पेलत नाही.

आपल्याकडचं बंद खोक्याचं घरगुती रूप म्हणजे माठ. मडक्याच्या तोंडावर स्पीकर उपडा ठेवून रेडिओ ऐकणारे लोक मी लहानपणी पाहिले आहेत, आणि त्यात हसण्यासारखं काही नाही. वळणदार भाजलेली माती सपाट फळीपेक्षा कितीतरी ताठ असते. हॅरी ओल्सन यांनी 1951 मध्ये बारा आकारांच्या पेट्या तपासल्या तेव्हा बाहेरून गोल पेटीचा आवाज सर्वांत सपाट निघाला आणि घनाकृती पेटीचा सर्वांत खडबडीत गटात. गोलाच्या आत मात्र उलट असतं. सगळे प्रतिध्वनी एकाच स्वरावर एकवटतात. माठात सैलसा कापूस भरला असता तर ते ‘घूं’ बरंच कमी झालं असतं. तेवढं कुणी करत नसे.

तिसरं उत्तर सर्वांत जास्त चाललं. बेल लॅबमधल्या अल्बर्ट थुरास यांना 1932 मध्ये पेटंट मिळालं ते खोक्याला नळी लावण्याचं. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ती एका ठरावीक स्वरात बोलते. हेल्महोल्ट्‌झ यांनी एकोणिसाव्या शतकातच याचं गणित मांडलं होतं. नळीतली हवा हे वजन, खोक्यातली हवा ही स्प्रिंग. या जोडीच्या स्वरावर मागचा आवाज उलटा होऊन बाहेर पडतो, म्हणजे पुढच्याशी जुळून. वजाबाकीची बेरीज होते. शिवाय त्या स्वरावर कोन जवळजवळ स्थिर राहतो आणि काम नळी करते, त्यामुळे लहान स्पीकरला विसावा मिळतो. पण त्या स्वराच्या खाली गेलात की कोनामागची स्प्रिंग नाहीशी होते आणि कोन वेड्यासारखा हलतो. मांडवातल्या पेट्यांचे कोन फाटण्याच्या कारणांपैकी हे एक.

तीस वर्षं ही नळी अंदाजानेच कापली जायची. 1961 मध्ये ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी, आणि पुढे सिडनीतच काम केलेल्या रिचर्ड स्मॉल यांनी 1972-73 मध्ये, स्पीकरचं वागणं मोजक्या आकड्यांत बांधून दिलं. स्पीकरचा स्वतःचा अनुनाद, त्याच्या लवचीकतेइतकी हवा किती लिटर, आणि डोलणं किती लवकर थांबतं हा गुणांक. हे तीन हातात असले की खोक्याचं माप वहीच्या पानावर निघतं. थील यांचा लेख दहा वर्षं जवळपास कुणी वाचला नाही. 1971 मध्ये अमेरिकेत पुन्हा छापला गेला तेव्हा सगळ्यांना जाग आली.

तिसऱ्या उत्तराचीच आणखी दोन रूपं म्हणजे लांब नळ्या. पॉल व्हॉइग्ट या इंग्रज अभियंत्याने 1930 च्या दशकात एका टोकाला बंद आणि दुसऱ्या टोकाकडे रुंदावत जाणारी पेटी केली. तिची लांबी लाटेच्या पावपट धरायची. साध्या सरळ नळीत 60 हर्ट्‌झसाठी ती 1.43 मीटर येते. रुंदावणाऱ्या नळीला आणखी लांबी लागते, निमुळती होत जाणारी असेल तर कमी पुरते. स्पीकर बंद टोकापासून एक तृतीयांश अंतरावर बसवला तर नळीचा पुढचा नकोसा स्वर दबतो, ही त्यातली सर्वांत सुंदर युक्ती. आर्थर बेली यांनी 1965 मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात अशाच नळीत लोकर भरून मागचा आवाज जिरवण्याचा आराखडा दिला. आणि शेवटी मागचा भोंगा: कोनाच्या पाठीमागून सुरू होऊन घड्या घालत रुंदावत जाणारा बोगदा. जपानमध्ये समीक्षक तेत्सुओ नागाओका (1926–2000) यांनी फुल रेंज स्पीकरसाठी अशा पेट्यांचे ढिगाने आराखडे दिले. त्यातली ‘स्वान’ नावाची पेटी खरोखर हंसासारखी दिसते, उंच मानेवर छोटं डोकं.

मी पहिली पेटी केली ती भोंग्याचीच. कारण एकच, चित्र देखणं होतं. प्लायवूडचे एकवीस तुकडे आणि तीन आठवड्यांचे रविवार घातले, आणि दुकानदाराने ‘फुल रेंजच आहे साहेब’ म्हणून दिलेला स्पीकर त्यात बसवला. आवाज विहिरीतून आल्यासारखा. चूक भोंग्याची नव्हती. मागच्या भोंग्याला जबरदस्त चुंबकाचा, कमी गुणांकाचा स्पीकर लागतो. माझा मवाळ होता. शिवाय दोन मीटरच्या बोगद्यातून येणारा खर्ज जवळपास सहा मिलिसेकंद उशिरा पोहोचतो, आणि 60 हर्ट्‌झसाठी भोंग्याचं तोंड खरं तर पावणेदोन मीटर व्यासाचं हवं. प्रत्यक्षात लहान तोंडावर भागवतात आणि बाकीचं काम खोलीचा कोपरा करतो. ज्यांच्या घरात तो कोपरा मोकळा आहे त्यांनी भोंगा जरूर करावा, दुसरी पेटी म्हणून. पहिली पेटी नळीचं साधं चौकोनी खोकंच असावी. हा माझा पक्षपात आहे आणि पुढचं सगळं त्याच पेटीबद्दल आहे.

आधी स्पीकर मोजायचा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळणाऱ्या पुष्कळ स्पीकरांवर फक्त ‘8 ओहम’ आणि एक आशावादी वॅटचा आकडा छापलेला असतो. थील-स्मॉलचे आकडे छापील मिळाले तरी तेही पडताळावेत. हजार ओहमचा रेझिस्टर स्पीकरच्या ओळीत जोडायचा, फोनमधून एकेक स्वर अँप्लिफायरला द्यायचा आणि स्पीकरच्या टोकांवरचा एसी व्होल्टेज मोजायचा. जिथे आकडा सर्वांत वर जातो तो अनुनाद. इथे एक अडचण येते: स्वस्तातल्या मल्टिमीटरवर एसीची सर्वांत खालची पट्टी 200 व्होल्टची असते आणि आपल्याला मिलिव्होल्ट वाचायचे असतात. मिलिव्होल्ट दाखवणारा मीटर उसना आणा.

लवचीकता काढायला कोनावर माहीत असलेलं वजन चिकटवून अनुनाद किती उतरतो ते पाहतात. इंग्रजी पुस्तकं नाणं ठेवायला सांगतात. आपलं हल्लीचं रुपयाचं नाणं ठेवू नका. ते चुंबकाला चिकटतं. मी कणकेची गोळी सोनाराच्या काट्यावर तीन ग्रॅम तोलून घेतली आणि डस्ट कॅपभोवती दाबून बसवली. अनुनाद 80 वरून 62 वर आला. त्यावरून हलणाऱ्या भागाचं वजन साधारण साडेचार ग्रॅम आणि लवचीकता आठ लिटर हवेइतकी निघाली. गुणांक 0.40. कणीक शक्य तितक्या लवकर काढा, सुकली की कोनाचा कागद घेऊन निघते.

या आकड्यांना बंद खोकं दिलं तर पावणेचार लिटरमध्ये छान सपाट उतार मिळतो, पण तो सुरू होतो 141 हर्ट्‌झला. तंबोऱ्याची खर्जाची तार गेलीच. नळीच्या खोक्यात आठ-साडेआठ लिटर आणि 75 हर्ट्‌झची जुळणी, इथे बेत जमतो. आतली मापं 16, 20 आणि 25 सेंटिमीटर घेतली की बरोबर आठ लिटर. स्पीकरचा मागचा भाग आणि नळी थोडी जागा खातात, तेवढी खोली वाढवून घ्यावी. तिन्ही मापं वेगळी ठेवायचं कारण असं की समोरासमोरच्या भिंतींमध्ये लाट अडकून नाचते. 25 सेंटिमीटरमध्ये ती 686 हर्ट्‌झला नाचते, 20 मध्ये 858 ला, 16 मध्ये 1072 ला. घनाकृती खोक्यात तिघी एकाच स्वरावर फेर धरतात.

लाकडाबद्दल जितकं बोललं जातं तितकं ते महत्त्वाचं नाही. ‘सागवानी पेटीचा आवाज गोड’ ही समजूत तंबोऱ्यावरून आली असावी. 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळा बोलायलाच हवा, तो वाद्याचा गळा आहे. स्पीकरच्या पेटीने बोलायचं नाही. रेकॉर्डिंगमध्ये तंबोरा आधीच बोलून झालेला आहे. मग पेटी गप्प कशी ठेवायची, यावर दोन घराणी आहेत. एक म्हणतं जाड, जड, ताठ. व्हार्फडेलचे गिल्बर्ट ब्रिग्ज यांनी प्लायवूडच्या दोन थरांत वाळू भरली, एवढ्यावर न थांबता विटांची पेटीही बांधली. दुसरं घराणं बीबीसीचं: भिंत पातळ ठेवा आणि आतून डांबरी थर चिकटवा, म्हणजे तिचा स्वतःचा स्वर खाली उतरून कानाला जाणवेनासा होतो. बीबीसीच्या संशोधन विभागाने 1977 मध्ये यावर सविस्तर अहवाल काढला. आठ लिटरच्या खोक्यात हा वाद फार तापत नाही, कारण भिंतीच लहान आहेत. 12 मिलिमीटर प्लायवूड, दोन बाजूंना जोडणारी एक आडवी पट्टी, आत छपराला चिकटवायच्या डांबरी पट्टीचे तुकडे. पुरे.

एमडीएफ कापायला सोपा आणि आवाजाला उत्तम, पण कोकणात किंवा मुंबईत एक पावसाळा त्याच्या कडांना पुरतो. आयएस 710 चा शिक्का असलेला मरीन प्लाय घ्यावा. जोडीला लागणारं लाकूड आठ बाय चारच्या शीटच्या पाचव्या भागाहून कमी आहे, ओळखीच्या सुताराकडच्या उरलेल्या तुकड्यांत भागतं. काटकोन मात्र गुण्याने तपासून घ्या. सुतार कपाटाच्या सवयीने एक-दोन मिलिमीटर ‘चालतं’ म्हणतो, इथे ती फट शिटी वाजवते. फेविकॉल सढळ लावायचा, शिकंजा कसायचा, आतून सगळ्या सांध्यांवर पुन्हा एक हात. स्पीकरचं भोक आतल्या बाजूने तिरकं घासून मोकळं करा, नाहीतर कोनाची पाठ बोगद्यात श्वास घेते. हे बारीक काम बहुतेकजण विसरतात आणि नंतर केबल बदलत बसतात.

स्पीकर निवडताना कडेकडे बघा. फोमची कड आपल्या दमट हवेत दहा-पंधरा वर्षांत बोटाने कुस्करते. रबर किंवा कापडी कड टिकते. नळीच्या तोंडाला आतून जाळी लावा. मागचा आवाज बाहेर जातो त्याच वाटेने झुरळं आणि पाली आत येतात, आणि कोनाच्या मागे पालीने घातलेली अंडी हा कुठल्याच पुस्तकात नसलेला विषय आहे.

आता जुळवणी. दोन इंची पीव्हीसी पाइप, आतून साधारण पाच सेंटिमीटर. गणिताने 75 हर्ट्‌झसाठी साडेनऊ सेंटिमीटर लांबी येते, पण कधीही थेट तेवढी कापायची नाही. नळीच्या दोन्ही तोंडांशी थोडी बाहेरची हवाही नळीसारखीच हलते, त्यामुळे खरी लांबी तीन-साडेतीन सेंटिमीटर जास्त धरावी लागते, आणि हा अंदाज खोक्याच्या भिंती किती जवळ आहेत यावर बदलतो. पंधरा सेंटिमीटरने सुरुवात करा, जुळणी 63 च्या आसपास मिळेल. मग अर्धा-अर्धा सेंटिमीटर कापत वर या. कापलेली नळी वाढत नाही, हे पहिल्या पेटीत सगळेच शिकतात.

जुळणी कुठे आली हे कानाने शोधू नका. नळीच्या खोक्यातल्या स्पीकरचा अडथळा मोजला तर दोन शिखरं दिसतात आणि त्यांच्या मधल्या दरीचा तळ म्हणजे जुळणीचा स्वर. मीटर नसेल तर डोळे आहेत. 100 पासून हळूहळू खाली या आणि कोनाकडे बघा. एका स्वरावर तो थबकतो, आणि नळीच्या तोंडाशी धरलेल्या उदबत्तीचा धूर तेव्हा सर्वांत जोरात फिस्कटतो. माझ्या पेटीत हिशोब आणि धूर यांच्यात तीन हर्ट्‌झचा फरक होता. मी धुराचं ऐकलं.

आत काय भरायचं यावर लोक हमरीतुमरीवर येतात. बंद खोक्यात सैल भरलेला पॉलिस्टरचा पिंजलेला कापूस खोकं थोडं मोठं असल्यासारखं वागवतो; तत्त्वतः 1.4 पटीपर्यंत, प्रत्यक्षात फार तर सव्वा पट. नळीच्या खोक्यात गच्च भराल तर नळीचाच जीव जाईल. मागची, वरची आणि एक बाजूची भिंत दोन-तीन सेंटिमीटर थराने झाकायची, नळीचं आतलं तोंड मोकळं ठेवायचं. खूप भरलं तर आवाज मेलेला वाटतो, कमी भरलं तर पुरुषाचा गळा नाकातून आल्यासारखा. एकेक मूठ काढून ऐकत जाण्याला पर्याय नाही. यासाठी मागची फळी पहिला महिनाभर स्क्रूवरच ठेवा, फोमच्या पट्टीवर घट्ट बसवून.

यानंतर जी गोष्ट करायची ती बहुतेक घरगुती पेट्यांमध्ये केलेलीच नसते, आणि माझ्या मते लाकूड, केबल, कापूस या सगळ्यांपेक्षा तिचा परिणाम मोठा आहे. वरचे स्वर पेटीच्या दर्शनी फळीवरून परावर्तित होऊन सगळे समोर येतात. खालच्या स्वरांना ती फळी दिसतच नाही, ते चहूकडे पसरतात. म्हणून एका स्वराच्या वर आवाज हळूहळू 6 डेसिबलपर्यंत चढतो. फळीच्या मीटरमधल्या रुंदीने 115 ला भागलं की ही चढण मध्यावर कुठे आहे ते कळतं. आपली फळी बाहेरून 18.4 सेंटिमीटर, म्हणजे 625 हर्ट्‌झ. कानाला ती कर्कशपणा म्हणून जाणवते, आणि लोक समजतात स्पीकर ‘अजून मोकळा झाला नाही’. कड थोडी सैलावते हे खरं, पण शंभर तास वाजवून ही चढण उतरत नाही. तोवर कान निर्ढावतो.

उपाय दोन सुट्या भागांचा: 1 मिलिहेन्रीची कॉइल आणि तिला समांतर 3.3 ओहमचा, दहा वॅटचा सिमेंटचा रेझिस्टर, दोन्ही मिळून स्पीकरच्या ओळीत. याने वरचा भाग सुमारे 3 डेसिबल उतरतो. सहाच्या सहा उतरवायचे नाहीत, कारण मागची भिंत खालच्या स्वरांना काही परत देतेच. फोनवर किंवा संगणकावर इक्वलायझर असेल तर तेच काम फुकटात होतं. शुद्धतावादी मंडळी एकट्या स्पीकरच्या वाटेत काहीही आणायला नकार देतात. त्यांच्या पेट्यांवर सतार सुरेख वाजते आणि सारंगी तासाभराने डोकं उठवते.

मोजायला हल्ली संगणकावरचं रूम ईक्यू विझार्ड फुकट मिळतं आणि मोजणीचा मायक्रोफोन हौशी माणसाच्या आवाक्यात आला आहे. खालचे स्वर खोलीत मोजू नयेत. डॉन कील यांनी 1974 मध्ये दाखवलेली पद्धत वापरा: मायक्रोफोन कोनाला जवळजवळ टेकवून एकदा, नळीच्या तोंडाशी एकदा. तिथे खोली लुडबुड करत नाही. दोन्ही पेट्या एकसारख्या निघाल्या का, हेही यातच कळतं. माझ्या एका पेटीची नळी दीड मिलिमीटर तिरकी बसली होती, ते आलेखात दिसलं नाही. सांध्यातली गळती मात्र दिसली, केसाएवढी.

मग पेट्या खोलीत येतात आणि अर्धं गणित रद्द होतं. दहा फुटी भिंतींमध्ये 56 हर्ट्‌झ अडकतो, बारा फुटींमध्ये 47, आणि त्यांच्या दुपटी-तिपटी वरपर्यंत जातात. पेटी कोपऱ्यात ढकलली तर खर्ज फुगतो, फूटभर पुढे ओढली तर आवाज स्वच्छ होतो आणि झाडू मारणाऱ्या बाईंचा रोष ओढवतो. पेट्या कानाच्या उंचीला, तोंडं किंचित आत वळवलेली. झोतामुळे फुल रेंजला हे इतर पेट्यांपेक्षा जास्त लागतं. एकेक स्वर चढवत गेलात तर घरातलं काय काय वाजतं तेही कळेल. आमच्याकडे 112 हर्ट्‌झला लोखंडी कपाटाचं दार आणि 130 च्या जरा पुढे मांडणीवरचं एक पातेलं. आठवडाभर मी त्या पातेल्याला सांध्यातली गळती समजत होतो.

डावी पेटी आमच्या बैठकीत नाइलाजाने कोपऱ्यात बसते, उजवी दाराशेजारी मोकळ्यावर. डावीकडून डग्गा जाड यायचा. नळी काढून वेगळ्या लांबीची बसवली, इक्वलायझर लावून पाहिला, शेवटी डावीच्या नळीत मुलीचा शाळेचा एक मोजा कोंबला. नळी अर्धी बंद, पेटी अर्धी बंद खोक्यासारखी, खर्ज ताळ्यावर. दुसरा मोजा कुठे आहे असं ती दर सोमवारी सकाळी विचारते.